बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

नगर जिल्ह्यातील घोडेगाव हे आमचे गाव. शुक्रवारचा जनावरांचा बाजार, कांद्याचे लिलाव आणि संभाजीनगरच्या रस्त्यावरील अखंड रहदारी यांत आमच्या तीन पिढ्या नांदल्या. देशावरच्या माणसास समुद्र म्हणजे सुट्टीत चार दिवस पाहून यावयाची वस्तू. परंतु रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन येथे एका शाळेत आम्हांस जागा मिळण्याचा योग आला, दिवाळीनंतर रुजू व्हावयाचे ठरले, आणि समुद्राकाठी बिऱ्हाड करावे की काय, असा प्रश्न घरात उभा राहिला.

वडील बंधूंनी पगाराचा हिशेब मांडला, वहिनींनी मुलांच्या शाळेची काळजी केली. मातुश्री मात्र एवढेच म्हणाल्या, “थंडीत कोणतेही गाव गोजिरेच दिसते. जाऊन पाहायचे तर आषाढात पाहा.” मातुश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर, त्यांस दम्याचा विकार. आम्ही गेलो, तर त्याही आमच्याबरोबर येणार होत्या. तेव्हा त्यांचा शब्द मानून भर आषाढात आम्ही उभयता निघालो.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तेथून म्हसळ्यावरून श्रीवर्धन. कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक माणगावच. पुढे सुमारे ४५ किलोमीटर वळणावळणाचा रस्ता. घाटात धुक्यामुळे दहा पावलांपलीकडचे दिसेना. त्या वेळी मनात आले, बाळाजी विश्वनाथ भट याच श्रीवर्धनचे. सिद्दीच्या अमलातील हे गाव सोडून ते घाटावर आले आणि १७१३ साली पेशवे झाले. ते चाकरीसाठी घाट चढले. आम्ही चाकरीसाठी उतरत होतो! त्यांचे स्मारक गावात आहे. तेथे आम्ही भक्तिभावाने हात जोडले. भिजलेल्या छत्रीमुळे तो नमस्कार जरा वेडावाकडाच झाला.

दोन दिवस पाऊस क्षणभर थांबला नाही. समुद्र निळा नव्हे, गढूळ तांबूस. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून होड्या काठावर ओढून झाकून ठेवलेल्या. भिंतींना ओल, धुतलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमट, काड्यापेटी पेटता पेटेना. वीज दिवसातून चार वेळा गेली. सरकारी रुग्णालय गावात आहे. पण मोठे दुखणे निघाले तर घाटरस्त्याने दूर जाण्यावाचून गत्यंतर नाही. हे सर्व सौभाग्यवतींनी वहीत टिपून घेतले, आणि जमेची बाजू रिकामीच राहिली.

दुसऱ्या दिवशी एक घर पाहावयास गेलो. कौलारू घर, पुढे ओटी, मागे नारळी-पोफळीची वाडी. घरमालक सत्तरी उलटलेले. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिच्यावरच या घराचा संसार चाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. दोन-तीन तासांत त्यांच्या वाडीतील बहुतेक पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचा पत्ता कित्येक दिवस नव्हता. पोफळ लावली तर फळ धरावयास पाच-सहा वर्षे तरी लागतात. मुलगा मुंबईस नोकरीला; त्याने कायमचे तिकडेच बोलाविले. तरीही त्याच पावसाळ्यात त्यांनी नवी रोपे लावली.

“या वयात कशाला हा खटाटोप केलात?” आम्ही विचारले.

“माझ्या आज्याने लावलेल्या झाडांची सुपारी मी विकली,” ते म्हणाले. “त्याने लावताना वय मोजले असते, तर मी काय खाल्ले असते?”

मग त्यांनी आम्हांस वाडीत नेले. दोन-चार पोफळींना हिरवे घोस लागले होते. जाताना त्यांनी विहिरीचे पाणी शेंदून प्यावयास दिले. समुद्राची गाज तेथपर्यंत ऐकू येत होती. पाणी मात्र गोडे.

घरी आल्यावर वहीतील उणी बाजू सर्वांपुढे वाचून दाखविली. ओल, वीज, औषधपाणी, काही लपविले नाही. मातुश्रींनी शांतपणे ऐकले. १९७२च्या दुष्काळात कडेवर मूल घेऊन मैलभरावरून पाणी आणलेली ती बाई. त्यांनी एकच विचारले, “विहीर आहे का? पाणी कसे आहे?”

आम्ही सांगितले. वृद्ध गृहस्थांच्या पोफळींचेही सांगितले.

अखेर असे ठरले की, पहिले वर्ष आम्ही उभयतांनीच जावे. मातुश्रींनी थंडीचे चार महिने तिकडे राहावे आणि मृग लागण्यापूर्वी घोडेगावच्या कोरड्या हवेत परतावे. पुढचे पुढे. दम्यापुढे हट्ट चालत नाही, हे त्यांनीच सर्वांच्या आधी बोलून दाखविले.

गाव पाहावयास जाणाऱ्याने घर पाहावे, शाळा पाहावी, रुग्णालय पाहावे, हे खरेच. परंतु सर्वस्व गमावूनही त्या गावात कोण राहिला आणि का राहिला, हेही विचारून यावे. आमच्या वहीतील जमेच्या रकान्यात सौभाग्यवतींनी शेवटी एकच ओळ लिहिली आहे : “शेजार चांगला.”