करड्याची वहिवाट

सांगलीच्या गणपती पेठेतील एका दुकानातून आजोबांच्या छायाचित्राची नवी प्रत घेऊन मी रस्त्यावर आलो आणि भर दुपारच्या उन्हात पाहतो, तो त्यांचा फेटा चक्क हिरवट दिसत होता. परत आत गेलो. ट्यूबलाइटखाली फेटा पुन्हा निष्कलंक. दुकानातील तरुणाने माझ्या ह्या येरझाऱ्या शांतपणे पाहिल्या आणि म्हणाला, "उन्हात नका बघू ओ काका. भिंतीवरच लावणार नव्हं?" त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे माझ्याने म्हणवत नाही.

टेबलावरच्या साध्या इंकजेट यंत्राजवळ काळी शाई बहुधा एकच असते, आणि फिक्या जागी ती नुसती वापरली तर तिचे ठिपके डोळ्यांना टोचतात. म्हणून कपाळावरचा उजेड, गालाखालची सावली, फेट्याच्या चुण्या अशा साऱ्या मधल्या छटा ते निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शायांचे थेंब शेजारी शेजारी टाकून निर्माण करते. थेंब तरी केवढा? लिटरच्या लक्ष कोटीव्या अंशाला पिकोलिटर म्हणतात, आणि असे दोन-तीन पिकोलिटर म्हणजे एक थेंब. तिघींनी मिळून राखलेला हा करडा रंग सामायिक सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखा असतो: तिघांची संमती आहे तोवर निर्वेध वहिवाट, एकाने जरासा बांध कोरला की तक्रार रुजू. त्यातून प्रत्येक शाई प्रकाशाचा निराळा अंश परत करते, आणि ट्यूबचा उजेड व सूर्याचा उजेड यांची घडण एक नसल्यामुळे एका उजेडात जुळलेला ताळा दुसऱ्यात मोडतो.

मूळ छायाचित्राला असली पीडा नव्हती. त्याच्यावर आली ती निराळीच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातील आमच्या आप्तांच्या घरी खालच्या फडताळात खरेदीखते, लग्नपत्रिका आणि छायाचित्रे असे सारे दप्तर होते. जुन्या छायाचित्राचे चित्र जिलेटिनच्या पातळ थरात, चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेले असते. जिलेटिन पाण्याने फुगते, आणि मग वाळताना शेजारच्याला घट्ट मिठी मारते. अशा चिकटलेल्या प्रती ओढून सोडवू नयेत, स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवाव्यात, म्हणजे पुष्कळदा आपण होऊन सुटतात. आजोबा मात्र चौकटीच्या काचेलाच चिकटले होते, आणि शहाण्या माणसाच्या सल्ल्याने ते काचेसकट स्कॅन करण्यात आले. डाव्या खांद्यावर गाळाची एक रेघ आहे. दुकानदाराने ती पुसून देण्याची तयारी दाखवली, मी नको म्हटले. विशेष हे की, ज्या चांदीने तो पूर सोसला तिच्या जागी आलेली ही नवी प्रत पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या साध्या शाईची असेल, तर पहिल्याच ओलीने तिचा फेटा कोटात उतरेल. शाई पाण्यात न विरघळणाऱ्या कणांची, म्हणजे पिगमेंटची, असल्यास निभाव लागतो. पण गिऱ्हाइकाने हे विचारावे लागते, आपण होऊन सांगतो कोण?

त्यापूर्वीच्या महापुराच्या, २००५ च्या, सालीच जपानच्या एप्सन कंपनीने गडद, फिकी आणि अतिफिकी अशा तीन काळ्या शाया एकत्र बसवलेली यंत्रे काढली, आणि रंगीत शायांवर टाकलेला करड्याचा भार पुष्कळच हलका झाला. मात्र ती यंत्रे महाग, आणि लग्नसराईचे रंगीत अल्बम छापणाऱ्या दुकानाला त्यांचे प्रयोजन काय? मी त्या तरुणाला रंगीत शाया सर्वस्वी बंद करून, मॅट कागदावर, केवळ काळ्या शाईने एक प्रत काढायला लावली. दाणा दिसतो, पण हिरवा, गुलाबी असा कोणताही संशय उरत नाही. घरातल्या मंडळींना ती "पेपरातल्यासारखी" वाटली. मला नेमकी त्याच कारणासाठी आवडली. जुन्या मासिकांतील हाफटोन ठोकळे तरी दुसरे काय करीत? एकच काळी शाई, ठिपका कोठे मोठा, कोठे लहान, एवढ्यावर चेहरा उभा राहत असे.

मासिक म्हटले की आमच्या भागात 'किर्लोस्कर'च आठवते. किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानातील माळावर वसली, आणि १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर कारखानदारांच्या कुळातले असले, तरी वृत्तीने चित्रकार, आणि चित्रकला शिकण्यासाठी ते थेट लाहोरला गेले होते, श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे. वेदांचे भाष्यकार म्हणून ज्यांची तसबीर आपल्या मनात असते, त्या पंडितजींचा लाहोरात स्टुडिओ होता, तैलचित्रे आणि छायाचित्रे हा त्यांचा चरितार्थ होता, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. सावंतवाडीकडचा हा ब्राह्मण, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, हैदराबादेत काही वर्षे काढून पंजाबात गेला. दिवसा कॅमेऱ्यावरचा काळा पडदा डोक्यावर घेत असावा आणि रात्री सायणभाष्य उघडत असावा, अशी माझी आपली कल्पना. १९१८ साली तो औंधला आला. औंधाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, चित्ररामायण रंगवणारे. अशा दरबारी स्टुडिओची चैन सहज चालली असती. पण पंडितजींनी तेथे स्वाध्याय मंडळाच्या द्वारे वेदसंहिता छापल्या, आणि त्या छपाईत करड्याला थारा नाही: अक्षर आहे किंवा नाही, स्वराची खूण अक्षराखाली आहे किंवा डोक्यावर; मधली छटा म्हणजे अशुद्ध पाठ. १९४८ साली ते औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले आणि पुढे शंभरी गाठून १९६८ साली वारले. त्यांच्या वेदसेवेबद्दल सर्व आदर बाळगूनही, मला त्यांच्या हातची एखादी लाहोरी छायाप्रत पाहायला अधिक आवडेल. कोणा पंजाबी सावकाराच्या दाढीत त्यांनी किती छटा राखल्या होत्या, तेवढे पाहायला.