साखळी ओढण्याची किंमत

लोकलच्या डब्यातली साखळी नुसती लटकत असते, तोवर गाडीचा सेकंदही वाया जात नाही. पण एकानं ओढली, की पालघरहून बोईसरला निघालेलं अख्खं पब्लिक उमरोळीला लटकतं! प्रोग्रॅममधलं एक्सेप्शन सेम टू सेम असंच.

आमच्या तारापूर एमआयडीसीतल्या ऑफिसात ड्रमची वजनं एक्सएमएल फायलीतून येतात. फाइल रेंगाळली की कुणीतरी ठासून सांगतंच, "एवढे ट्राय-कॅच घातलेत ना, म्हणून स्लो!" अरे बॉस, आधी मोजा तरी!

मी मोजलं. एक फाइल स्वच्छ, दुसरी तेवढीच, पण मधूनमधून वजनाची जागा रिकामी. दोन्ही दहा-दहा वेळा वाचल्या. पहिली फेरी सोडून दिली, कारण तेव्हा कोड अजून 'गरम' होत असतो. स्वच्छ फाइलला ट्राय-कॅच असो-नसो, फरक कळेना. दुसरीत मात्र जितक्या रिकाम्या जागा, तितका वेळ वाढला. म्हणजे खर्च ट्रायचा नाही, थ्रोचा! एक्सेप्शन फेकलं की कोण कुणाला कॉल करत इथवर आलं, त्याची सगळी वंशावळ काढली जाते. समजा, एकाला २० मायक्रोसेकंद लागले, तर लाखाला २ सेकंद. डीबगर जोडून मोजलंत आणि एकाला ५ मिलिसेकंद लागले, तर तेच आठ मिनिटांच्या वर. म्हणून मोजताना डीबगर बंद!

मग उपाय? रिकामी जागा रोजचीच असेल, तर तो अपवाद कसला? आधी विचारून घ्यावं. २००५ मध्ये आलेल्या डॉटनेट २.० पासून बहुतेक आकड्यांसाठी ट्रायपार्स आहे. ते गुपचूप हो किंवा नाही सांगतं. टॅगच तुटला असेल, तर गोष्ट वेगळी. १९९८ च्या एक्सएमएल मानकानुसार तिथं थांबायलाच हवं.

आणि प्लीज, वेगासाठी रिकाम्या जागी शून्य ठोकू नका. 'वजन शून्य' आणि 'वजन केलंच नाही' यांत केमिकलच्या ड्रमबाबत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता आमचा प्रोग्रॅम रिकाम्या वजनांची वेगळी यादी काढतो. सकाळी गोडाऊनमधले काका ती बघून तेवढेच ड्रम पुन्हा काट्यावर चढवतात. फाइल किती सेकंदांत वाचली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. आकडा खरा हवा, बस्स!