दिसत होते, म्हणून राहून गेले

गेल्या वर्षीच्या भोगीची सकाळ. सौभाग्यवती पडवीत तीळ निवडीत बसली होती आणि मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र उघडले होते. अग्रलेखाच्या मधोमध एक काळसर धागा आडवा पडलेला दिसला. झटकला, तरी हलेना. चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला, तरी तो तेथेच. मग ध्यानात आले, की मी नजर फिरवली की धागाही फिरतो, आणि मी थांबलो की तो किंचित पुढे जाऊन मग थांबतो. धागा कागदावर नव्हता, माझ्या डाव्या डोळ्यात होता. दुपारपर्यंत एकाचे अनेक झाले. दिवेलागणीला त्या डोळ्यापुढे काजळी धरलेल्या कंदिलाची काच धरावी, तसे दिसू लागले. दुखत मात्र कणभरही नव्हते. हे मुद्दाम लिहितो, कारण दुखत नाही म्हणून मी आणखी चार दिवस घालवले. संक्रांत जाऊ द्यावी, पाहुणे जाऊ द्यावेत, अशी ती चालढकल.

मला मधुमेह होऊन तेव्हा १७ वर्षे झाली होती. मी बेफिकीर रुग्ण होतो, असे कोणी म्हणणार नाही. पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत फेरी, वेळेवर गोळ्या, तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी हे सारे चालू होते. साखर कधी आटोक्यात असे, कधी लग्नसराईत सुटे. डोळ्यांचे म्हणाल, तर दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून घेत असे. तेथील पाटीवरची शेवटची ओळ मी अडखळता वाचून दाखवीत असे, आणि वाईच्या शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला त्याचा थोडा अभिमानही वाटे. नंतर जुनी फाईल चाळताना आमच्या डॉक्टरांच्या हातच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या. दोन्हींवर एकच ओळ होती : ‘डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.’ मला दिसत होते, म्हणून ते राहून गेले.

‘पडदा’ या शब्दानेही माझी थोडी दिशाभूल केली असावी. पडदा म्हटले की आपल्या मनात आड येणारी वस्तू येते. तो बाजूला सारायचा असतो. डोळ्यातला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, चित्रपटगृहातल्या पडद्यासारखा आहे. भिंग कितीही स्वच्छ असले, तरी चित्र शेवटी त्याच्यावरच उमटायचे. चष्म्याच्या दुकानात तपासतात तो भिंगाचा हिशेब. पडद्याकडे तेथे कोणी पाहत नाही, आणि त्यांचे ते कामही नव्हे.

पुण्याच्या रुग्णालयात सूनबाई सोबत आली. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. डाव्या डोळ्यात रक्त साचल्यामुळे आतले काही दिसेना, तेव्हा त्या डोळ्याची सोनोग्राफी झाली. पडदा जागेवरून सुटला नव्हता, एवढे समाधान मिळाले. मग डॉक्टरीणबाईंनी माझ्या उजव्या डोळ्याचे छायाचित्र संगणकावर दाखवले. याच डोळ्याने अर्ध्या तासापूर्वी मी पाटीवरची शेवटची ओळ वाचली होती. नारिंगी पार्श्वभूमीवर झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या होत्या, आणि त्यांच्या अवतीभोवती लाल ठिपके, पिवळसर कण आणि कापसाच्या पुंजक्यासारखे फिकट डाग.

“बाई, हा डोळा तर चांगला आहे माझा,” मी म्हणालो.

“काका, तुम्हाला चांगलं दिसतंय. डोळा चांगला नाहीये,” त्या म्हणाल्या.

त्या वाक्याने मला जितके हादरवले, तितके डाव्या डोळ्यातल्या रक्तानेही नव्हते.

त्यांनी जे समजावले, ते मला समजले तसे सांगतो. दृष्टिपटलाला रक्त पुरवणाऱ्या शेवटच्या वाहिन्या केसाहूनही बारीक असतात. त्यांच्या भिंतींना बाहेरून बिलगून आधार देणाऱ्या काही पेशी असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की या आधाराच्या पेशी आधी मरतात. मग दुबळ्या झालेल्या जागी वाहिनीला फुगवटा येतो. छायाचित्रातले लाल ठिपके बहुतेक तेच. भिंतीतून पाणी आणि चरबीयुक्त द्रव झिरपू लागतो. ते पिवळे कण या चरबीचे. बारीक वाचायला, माणसाचा चेहरा ओळखायला ज्या मधल्या जागेचा उपयोग होतो, त्या पीतबिंदूवर ही सूज आली की अक्षरे वाकडी किंवा पुसट होतात. तिच्यापासून दूर झिरपले, तर माणसाला काही म्हणजे काही कळत नाही.

काही वाहिन्या झिरपतात, तर काही बुजतात. बुजलेल्या वाहिनीपुढचा पडदा उपाशी राहतो, आणि उपाशी पेशी मदतीसाठी एक रसायन सोडतात. डॉक्टर त्याला व्हीईजीएफ म्हणतात. त्याच्या सांगाव्यावरून नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. मला वाटले, हे तर बरेच झाले. शरीर आपली डागडुजी आपणच करते आहे. पण या नव्या वाहिन्या घाईघाईत रचलेल्या दगडमातीच्या बांधासारख्या असतात. त्या पडद्याच्या पृष्ठभागावर आणि तेथून डोळ्यातल्या पारदर्शक गरात शिरतात आणि एखाद्या दिवशी सहज फुटतात. भोगीच्या सकाळी मी पाहिलेला धागा तो असा आला होता. पुढे या वाहिन्यांभोवती व्रणासारखे पापुद्रे धरतात, आखडतात आणि पडद्याला ओढून सोडवूही शकतात.

हे ऐकताना मला आमच्या आक्काची आठवण झाली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, फलटणला दिलेली. तिलाही मधुमेह होता. साठीनंतर तिची नजर उतरत गेली. ‘वयाने व्हायचेच’, असे सारे म्हणत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटली, आणि तरीही तिला नातवंडांची तोंडे दिसेनात. आम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्याला बोल लावले. आज वाटते, मोतीबिंदूच्या मागे पडदाच आधी खराब झालेला असावा. शेवटची सात वर्षे ती भिंत चाचपत न्हाणीघरापर्यंत जाई. ते सारे मी पाहिले होते, आणि तरी चिठ्ठी फाईलमध्ये ठेवली.

उजव्या डोळ्याला तीन बैठकांत लेझर झाले. लेझर हरवलेली दृष्टी परत आणत नाही, हे बाईंनी आधीच स्पष्ट केले होते. पडद्याच्या कडेचा उपाशी भाग थोडा जाळून टाकायचा, म्हणजे रसायनाची मागणी घटते आणि मधली दृष्टी वाचते. असा तो सौदा आहे. संध्याकाळी मला पूर्वीपेक्षा अंधुक दिसते, ही त्याची किंमत. डाव्या डोळ्यात इंजेक्शने दिली. डोळ्यात सुई या कल्पनेनेच आदल्या रात्री झोप लागली नाही. प्रत्यक्षात बधिर करणाऱ्या थेंबांनंतर थोडा दाब जाणवला आणि संपले. दोन-अडीच महिन्यांत रक्त बरेचसे विरले, मग त्याही डोळ्याला लेझर झाले. पण पीतबिंदूची हानी भरून आली नाही. त्या डोळ्याने आता दाराची चौकट दिसते, दारात उभे कोण ते दिसत नाही.

मी साखर एकदम खाली आणण्याच्या जिद्दीला पेटलो, तेव्हा त्यांनी मला आवरले. आधीच बिघडलेल्या पडद्याला साखरेची अचानक मोठी घसरण काही काळ आणखी त्रास देऊ शकते. म्हणून ती हळूहळू आणि डोळ्यांवर लक्ष ठेवून उतरवायची. रक्तदाबाचेही तितकेच महत्त्व. ब्रिटनमधल्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेह्यांचा रक्तदाब काटेकोर सांभाळल्याने पडद्याचा विकार बळावणे कमी झाले, असे आढळले होते. शिवाय त्यांनी लघवीतल्या प्रथिनांची तपासणी लिहून दिली. डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध, असे मी विचारले. मूत्रपिंडातल्या वाहिन्याही अशाच बारीक असतात. मात्र त्या दिसत नाहीत, आणि डोळ्यातल्या दिसतात. कातडी न कापता जिवंत रक्तवाहिन्या उघड पाहता येतील, अशी एक जागा शरीरात डोळ्याचा पडदा ही आहे. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने त्यासाठी उपकरण जगापुढे आणले. म्हणजे मी जी तपासणी टाळत होतो, ती पावणेदोनशे वर्षांपासून होत आलेली आहे.

घरच्यांविषयी लिहिले नाही, तर हे अर्धेच राहील. एका डोळ्यावर आल्यापासून मला खोलीचा अंदाज येत नाही; पहिल्या आठवड्यात दोनदा चहा कपाबाहेर ओतला. सौभाग्यवतीने काही न बोलता कपाखाली थाळी ठेवायला सुरुवात केली. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला तिने पिवळा रंग लावून घेतला. गोळ्यांच्या पाकिटांवर सूनबाईने काळ्या शाईने मोठ्या अक्षरांत ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ लिहिले आहे. तपासणीला माझ्याबरोबर कोणीतरी येतेच, कारण थेंबांनंतर चार-सहा तास डोळे दिपतात आणि जवळचे धूसर दिसते. परतीच्या एसटीत खंबाटकी उतरताना मी काळा चष्मा लावून, डोळे मिटून बसतो. “अहो, झोपलात का?” असे ती विचारते. मी नाही म्हणतो.

माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. प्रौढपणी होणारा हा आजार सापडण्यापूर्वी कित्येक वर्षे अंगात असू शकतो. म्हणून पडद्याची पहिली तपासणी निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी करायची असते. त्याने ती एकदाही केली नव्हती. मागच्या महिन्यात तो आला, तेव्हा मी विषय काढला.

“अण्णा, मला रस्त्यापलीकडची एसटीची पाटी वाचता येते,” तो म्हणाला.

मी त्याला उजव्या डोळ्याच्या छायाचित्राची प्रत दाखवली आणि ती काढली त्या दिवशी मी पाटीवरची कितवी ओळ वाचली होती, ते सांगितले. तो बराच वेळ त्या लाल ठिपक्यांकडे पाहत राहिला. येत्या मंगळवारी त्याची वेळ घेतली आहे. थेंबांनंतर त्याला दिसणार नाही आणि मला दिसते तेवढेच. म्हणून सूनबाई आम्हा दोघांना घेऊन जाणार आहे.