मानाचा प्याला

तरुणपणी मी एकदा सुधाकर झालो होतो. इंदूरच्या आमच्या गणेशोत्सवात ‘एकच प्याला’ बसविले, तेव्हा ती भूमिका माझ्या वाट्याला आली. झोकांड्या कशा खाव्यात, जीभ कशी जड करावी, याचा सराव मी महिनाभर केला. टाळ्याही मिळाल्या. सुधाकराचा सर्वनाश दारूने होतो, याविषयी तेव्हा मला तिळमात्र शंका नव्हती.

ती आली पंधरा वर्षांनी, माझ्या कचेरीत. एका पत्रातील माझी चूक हाताखालच्या पोरसवदा कारकुनाने चारचौघांत दाखविली. चूक खरी होती. साहेब हसले, म्हणून इतरही हसले. मी तडक घरी आलो आणि राजीनामा लिहून ठेवला. इतक्या वर्षांची अब्रू त्या एका हास्यात वाहून गेली, असे मला वाटत होते.

रात्री झोप येईना. तळमळत असताना एकाएकी सुधाकराचा तो पहिला प्याला आठवला.

राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू यांनी प्रेक्षकांना रडविले. मद्यपानाच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून ते गाजले. पण सुधाकर प्याला उचलतो, तो काही चवीसाठी नव्हे. हा बुद्धिमान, मानी वकील. भर न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, काही काळापुरती सनद जाते आणि तो अपमान विसरण्यासाठी तळीरामाचे ऐकून तो प्याला ओठांना लावतो. पुढे व्यसन सोडून तो काम मागत हिंडतो, तेव्हा कालचे सोबतीच त्याची अवहेलना करतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा आधी मान दुखावतो, मग बाटली उघडते.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त (देवलांचा ‘झुंझारराव’ त्यावरूनच रचलेला) कॅसिओ दारू पिऊन लौकिक घालवितो. सुधाकर लौकिक गेला म्हणून पितो. त्या कॅसिओला कपटी आयागो समजावितो, की लौकिक म्हणजे निव्वळ पोकळ गोष्ट. आणि तोच पुढे ऑथेल्लोला पटवितो, की चांगल्या नावाहून मोलाचे काही नाही. दोन्ही उपदेश लागू पडतात, कारण ऐकणाऱ्याची जखम एकच असते.

मानी असणे हा दुर्गुण नव्हे. ज्याला मानच नाही, त्याच्या पतनाने कोण हळहळेल? नायकाची उंची त्याच्या स्वाभिमानामुळेच दिसते. मात्र आपले मोल ठरविण्याचा तराजू तो लोकांच्या हाती देतो, तेव्हा त्याच उंचीला तडा जातो. आणि त्याची किंमत तो एकटा भरीत नाही. सिंधू दळण दळते, अजाण मूल प्राणास मुकते आणि मरता मरता तीच माउली पतीचे नाव राखण्यासाठी खोटे बोलते.

पहाटे पत्नीने टेबलावरचा कागद वाचला.

“अहो, चूक तुमचीच होती ना?”

“होती.”

“मग हा राजीनामा चुकीबद्दल, की लोक हसले त्याबद्दल?”

मी उत्तर दिले नाही. आत दोन्ही मुले अजून झोपली होती. तिने तिकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “आपली फजिती चार दिवसांत लोक विसरतील. ह्यांना मात्र रोजच जेवायचे आहे.”

तो कागद मी चुलीत घातला. कचेरीत गेल्यावर त्या कारकुनाला सर्वांसमक्ष म्हणालो, “काल तुम्ही चूक दाखविली नसती, तर ते पत्र तसेच गेले असते. उपकार झाले.” एवढी दोन वाक्ये बोलताना घसा जसा कोरडा पडला, तसा सुधाकराची लांबलचक भाषणे म्हणतानाही कधी पडला नव्हता. टाळ्या मात्र या वेळी कोणी वाजविल्या नाहीत.