माझ्या चुकीनं

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या आमच्या इमारतीत सांगलीकडचा एक मुलगा राहतो. एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला आहे. गेल्या महिन्यात फ्रायरमधलं उकळतं तेल त्याच्या मनगटावर उडालं. दवाखान्यात त्यानं ‘घरी भाजलं’ असं सांगितलं. मालकानं तसं सांगायला लावलं होतं. मला म्हणाला, “काका, चूक माझीच. गर्दीत धांदल केली मी.”

मला वाईट वाटलं ते त्याच्या या वाक्याचं. नशा किंवा मुद्दाम करून घेतलेली इजा सोडली, तर चूक कुणाची हे न्यूयॉर्कचा कायदा विचारतच नाही. मालकानं वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा विमा उतरवायचा, हप्ता त्यानंच भरायचा. पगारातून एक डॉलरही कापायचा नाही. उपचाराचा खर्च विम्यातून होतो. काम पूर्ण थांबलं तर सरासरी आठवडी पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम मिळते, अर्थात ठरलेल्या कमाल मर्यादेत. पहिल्या 7 दिवसांचे पैसे नाहीत. पण 14 दिवसांहून जास्त घरी बसावं लागलं तर तेही मिळतात. कागदपत्रं नसलेल्या कामगारालाही हे सगळं लागू आहे.

ही कुणाची मेहेरबानी नाही. याच्या बदल्यात कामगारानं मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडलेला आहे.

24 मार्च 1911 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं असा पहिला सक्तीचा कायदा रद्द केला. दोष नसताना मालकाला पैसे द्यायला लावणं म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणं, असं न्यायालयाचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. 146 जीव गेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुण मुली. अखेर 1913मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली आणि 1914मध्ये नवा कायदा आला. ती इमारत अजून उभी आहे. खालून नवव्या मजल्याच्या खिडक्या मोजताना माझी मान अवघडते.

इजा झाल्यापासून 30 दिवसांत मालकाला लेखी कळवायचं असतं. आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर पत्र लिहायला बसलो, तो 21वा दिवस होता. दवाखान्यात जाऊन खरं सांगायचं, नोंद दुरुस्त करून घ्यायची, हेही ठरलं. तारीख, वेळ, जागा त्यानं नीट लिहिली. पुढं लिहिलं, ‘माझ्या चुकीनं.’

ते दोन शब्द मी त्याला खोडायला लावले.