बिनतारी यंत्र

वस्तू विकत घेण्यापेक्षा ती कोणती घ्यावी यावर वाद घालण्यात आमच्या घरच्यांना अधिक गोडी आहे. मिक्सर घेण्याआधी दोन दिवाळ्या चर्चा झाली होती. त्यामुळे प्रिंटरचा विषय निघाला, तेव्हा टेंभी नाक्यावरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पुढचे तीन महिने काय चालणार याची मला कल्पना होती.

विषय काढला आईने. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ही पायरी बव्हंशी कागदांचीच असते असा आईचा अनुभव आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, गुणपत्रिका. प्रत्येकाच्या दोन प्रती, शिवाय संगणकावर चढवण्यासाठी अमुक केबीच्या आतले चित्र. गेल्या वर्षी एका झेरॉक्सच्या दुकानात यंत्राच्या झाकणाखाली माझा मूळ दाखला राहून गेला आणि तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच कोणाच्या गठ्ठ्यात सापडला. ते तीन दिवस आई नीट जेवली नाही. तेव्हापासून तिचे म्हणणे, "कागद घराबाहेर जाता कामा नये."

वडिलांना मात्र प्रिंटर नको होता. त्याचे कारण कळायला वडील कोण ते सांगायला हवे. कोर्ट नाक्यावर फूटपाथला टेबल टाकून ते पंचवीस वर्षे टंकलेखन करत. शिक्षण दहावी, पण मराठी टंकलेखनाच्या मिनिटाला 30 आणि 40 शब्दांच्या दोन्ही सरकारी परीक्षा उत्तीर्ण. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, वारसाचे अर्ज हा त्यांचा रोजचा रतीब. दुसऱ्यांच्या मुलांचे कॉलेजप्रवेशाचे कागदही त्यांच्याच बोटांखालून गेले. गोदरेज कंपनीने 1955 साली टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि 2009 मध्ये ते बनवणे थांबवले. वडिलांचे यंत्र या कंपनीचेच. संगणकवाल्यांच्या शेजारी ते नेटाने बसून राहिले, पण 2020 च्या टाळेबंदीत उचललेले टेबल पुन्हा मांडले गेले नाही. आता ते एका वकिलांकडे फायली सांभाळतात. यंत्र मात्र घरी खिडकीखालच्या स्टुलावर आहे, आणि प्रिंटर ठेवायला घरात तेवढीच एक जागा आहे.

मी त्यांना समजावू लागले, "हे ऑल-इन-वन असतं बाबा. छापतं, प्रत काढतं, स्कॅन करतं. शिवाय वायरलेस."

ते म्हणाले, "माझंही ऑल-इन-वनच की. लिहिणं आणि छापणं एका दमात, चार कार्बन घातले की चार प्रती. आणि वायर तर नाहीच!"

यावर काय बोलणार? वायरलेस म्हणवणाऱ्या यंत्रालाही विजेची एक वायर लागतेच, ही गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही.

आमच्या घरी संगणक नाही. दोन मोबाईल आहेत. म्हणून बिनतारी असणे ही आमची चैन नव्हती, अट होती. ब्रॉडबँडही नाही. "राऊटरच नाही?" असे विचारून पहिल्या दुकानदाराने आमच्यातला रस काढून घेतला. दुसऱ्याने नीट सांगितले: वाय-फाय डायरेक्ट असलेले यंत्र फोनशी थेट जोडता येते, मधे राऊटर लागत नाही. पुढे कधी राऊटर आलाच तर यातली बरीचशी यंत्रे फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतात, 5 चा नाही, एवढे ध्यानात ठेवायचे.

मग हिशोब. पाच हजारांच्या आतला प्रिंटर दिसायला स्वस्त. पण त्याचे छोटे काडतूस शे-सव्वाशे पानांत संपते आणि नवे सात-आठशेला पडते. म्हणजे पानाला सहा-सात रुपये नुसत्या शाईचे! आधी घोडा स्वस्तात द्यायचा आणि मग चंदी सोन्याच्या भावाने विकायची, असा हा व्यापार आहे. शाईच्या टाकीचा प्रिंटर तेरा हजारांना, पण काळ्या शाईची पाचशेच्या आसपासची बाटली चार-साडेचार हजार पाने चालते असे कंपन्या सांगतात. कागद धरूनही पान सत्तर पैशांत बसते. आमच्या गल्लीत छापील पानाला पाच रुपये पडतात. आईने पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले: तीन हजार पाने छापली तर पैसे वसूल. आमची गरज वर्षाला फार तर पाचशे पानांची. सहा वर्षे!

"मग घ्यायचाच कशाला?" वडील म्हणाले.

आईने पेन्सिल खाली ठेवली. "तुमची जुनी माणसं अजून फोन करतात. अर्ज लिहून द्या म्हणतात. तुम्ही नाही म्हणता. का?"

वडील काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी दुकानात आमच्याबरोबर आले.

तिथे त्यांनी जे केले ते मी जन्मभर विसरणार नाही. विक्रेता फोटो छापून दाखवत होता, आणि वडिलांनी नमुन्याची तीन मराठी पाने मागून घेतली. खिशातून चष्मा काढला. 'ट्र' आणि 'र्‍या' कसे उमटतात ते पाहिले. मग बोट ओले करून प्रत्येक पानावरून फिरवले. एका पानावर निळसर ओघळ उतरला. दुसऱ्यावर अक्षर जागच्या जागी. तिसरे पान लेझरचे, तेही पक्के. विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! नंतर उलगडा झाला. पहिली शाई डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग. दुसरी पिगमेंट, म्हणजे न विरघळणारे सूक्ष्म कण. आणि लेझरमध्ये भुकटी उष्णतेने कागदावर वितळवून बसवतात. वडील एवढेच म्हणाले, "कोर्टाच्या कागदावर पावसाळ्यात पाणी पडतंच."

लेझर आवडला होता, पण रंगीत छापणारा परवडेना, आणि भुकटी वितळवताना तो वीज एकदम फार ओढतो. आमच्या चाळीची वायरिंग पाहता ते धाडस नको वाटले. काळी शाई पिगमेंट असलेला टाकीचा प्रिंटर ठरला. एक उणीव वडिलांनीच पट्टीने मोजून काढली. त्याची काच ए-फोर मापाची, 297 मिलिमीटर. लीगल कागद 356. म्हणजे आमच्या खोलीच्या कराराची प्रत काढायची तर खालचे सव्वादोन इंच बाहेर राहणार, आणि सह्या नेमक्या तिथेच असतात. वरून कागद ओढून घेणारे यंत्र आणखी पाच-सहा हजारांनी महाग. सर्वोच्च न्यायालयाने 2020 पासून ए-फोर कागद घ्यायला सुरुवात केली आहे, पण जुने करार त्यामुळे आखूड होत नाहीत. दोन तुकड्यांत प्रत काढायची, यावर तडजोड झाली.

खोके खंडेनवमीला घरी आले. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची एवढी गर्दी, की जांभळी नाक्यापासून मी आणि धाकट्या भावाने ते डोक्यावरून आणले. टाइपरायटरला दरवर्षीप्रमाणे झेंडूचा हार घालून झाला होता. तो हारासकट उचलून वडिलांनी स्वतः कपाटावर ठेवला, वर जुनी साडी पांघरली आणि स्टूल पुसून दिले. आई त्या वेळी उगाचच स्टोव्हशी काहीतरी करत होती.

शाई वाळून छिद्रे बुजू नयेत म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान काढावे लागते. ते काम भावाकडे आहे.

पहिले काम शेजारच्या काकूंचे आले, नावातल्या फरकाचे प्रतिज्ञापत्र. वडील भिंतीला टेकून, डोळे मिटून मजकूर सांगत गेले आणि मी फोनवर टंकत गेले. स्वल्पविरामसुद्धा ते तोंडाने सांगतात. पान बाहेर आले. त्यांनी ते उजेडात धरले आणि परत केले. डावीकडे दीड इंच जागा हवी, फायलीत शिवताना अक्षर जातं, म्हणाले. दुसरे पान काढले. आता ओळी फार दाटीने बसल्या होत्या. तिसरे त्यांना पसंत पडले. काकूंकडून त्यांनी एकाच पानाचे पैसे घेतले आणि उरलेल्या दोन पानांच्या पाठीवर पुढच्या अर्जाचा मसुदा लिहायला बसले.