गावची खोली

मुंबईत आल्यावर पहिल्या महिन्यात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "राहतोस कुठे?" आमच्या गावाकडे अनोळखी मुलगा दिसला की "कुणाचा रे तू?" असं विचारतात. इथे तू कुणाचा याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं. तू राहतोस कुठे, एवढ्यावरून तुझा अंदाज बांधला जातो. कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मवरही दोन पत्ते मागितले होते, कायमचा आणि सध्याचा. कायमचा मी एका दमात लिहिला. सध्याच्या पत्त्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं : खोली नंबर 27, दुसरा मजला, लालबाग. त्या खोलीत एक खुंटी आणि ट्रंक ठेवण्यापुरती जागा, एवढंच माझं होतं.

आमचं गाव कणकवली तालुक्यातलं. भातशेती पावसाच्या भरवशावर, काजूची थोडी झाडं, आणि घरात माझ्या पाठची दोन भावंडं शिकणारी. बारावी झालो तेव्हा घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. पण शिकायचं तर कमवायलाही हवं होतं. गावातल्या एका काकांनी परळच्या औषधांच्या घाऊक दुकानात काम मिळवून दिलं. दुपारी 1 ते रात्री 9, पगार 11 हजार. कॉलेज सकाळचं. 2024 च्या जूनमध्ये मी कणकवलीला रात्रीच्या गाडीत बसलो. आई काळजीत होती. आजोबा मात्र निवांत होते. म्हणाले, "ऱ्हवाची काळजी कित्याक करतंस? गावची खोली आसा मा!"

कोकणाबाहेरच्या मित्रांना ही गावची खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. मुंबईत गिरण्या होत्या तेव्हा आमच्याकडचे पुरुष एकटेच मुंबईला यायचे, बायकामुलं गावी. एकेकट्याला खोली परवडायची नाही. म्हणून एका गावचे लोक वर्गणी काढून चाळीत एक खोली घ्यायचे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं! पहिल्या पाळीची माणसं कामावर गेली की तिसऱ्या पाळीची झोपायला यायची. उरलेली गॅलरीत पथारी टाकायची. जेवण जवळच्या खाणावळीत. खोलीत प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खुंटी आणि एका कोपऱ्यात ग्रामदेवतेचा फोटो.

आजोबा 1964 साली सतरा वर्षांचे असताना देवगडहून बोटीने आले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. आमची खोली घेतली गेली 1968 साली. पागडीचे पैसे गावच्या 22 जणांनी भरले. पण चाळमालक पावती एकाच माणसाच्या नावाने फाडणार होता. आजोबा चौथी शिकलेले, त्यांना सही येत होती. बाकीच्यांपैकी बरेचजण अंगठा उठवणारे. म्हणून पावतीवर नाव लागलं आजोबांचं. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आजोबाही होते. वर्षभर वाट पाहून 1983 मध्ये ते गावी परतले आणि पुन्हा मुंबईला कधी राहायला आले नाहीत. खोली मात्र राहिली. जे असतील ते वर्गणी भरायचे, आणि पावती आजोबांच्याच नावाने फाटत राहिली.

मी आलो तेव्हा खोलीत माझ्यासह नऊजण होतो. कुणी सुरक्षा रक्षक, कुणी हॉटेलात, कुणी कुरियरच्या कामावर. सर्वांत वडील काका 36 वर्षं तिथे राहत होते. त्यांनी पहिल्या रात्री मला खुंटी दाखवली आणि म्हणाले, "ही तुजी. लाइटीखाली आसा, अभ्यास करूक बरी." रात्री दहानंतर इतरांना झोप हवी असायची, तेव्हा मी गॅलरीतल्या दिव्याखाली वाचत बसायचो. पहिल्या वर्षाचा सगळा अभ्यास मी त्या गॅलरीत केला आहे. सार्वजनिक नळाला पाणी आलं की वाचन थांबवून बादल्या भरायच्या, एवढाच व्यत्यय.

दिवाळीनंतर कळलं की चाळ पाडणार. पुनर्विकास होणार, मूळ भाडेकरूंना नवं घर मिळणार, मे महिन्यापर्यंत खोली रिकामी करायची. काकांनी आपली ट्रंक उघडली, आतले कपडे पुन्हा नीट घडी घालून ठेवले आणि ट्रंक बंद केली. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

मग माझी जागेची शोधाशोध सुरू झाली. रविवार सगळे त्यातच जायचे. लालबाग-परळात तर विचारायचीच सोय नव्हती. डोंबिवलीला एका दलालाने तीन जागा दाखवल्या. पहिल्या ठिकाणी "एकटे मुलगे सोसायटीत चालत नाहीत" असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी "मासे खाता का?" असं विचारलं. कोकणातला मुलगा खोटं तरी काय बोलणार! तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी प्रेमाने पाणी दिलं, कुठल्या कॉलेजात आहेस ते विचारलं, आणि मग हळूच आडनाव विचारलं. ते ऐकून त्या म्हणाल्या, "कळवते हं." त्यांनी कळवलं नाही. परतीच्या गाडीत मला माझं आडनाव पहिल्यांदाच जड वाटलं.

शेवटी दिव्याला एक खोली दिसली. भाडं 6 हजार, अनामत 30 हजार, दलालाला एक महिन्याचं भाडं. अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, हा खर्च वेगळाच. आत पाऊल टाकायच्या आधीच 42 हजार मोजायचे. म्हणजे माझा जवळजवळ चार महिन्यांचा पगार!

त्याच रात्री बाबांचा फोन आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की नवं घर निदान 300 चौरस फुटांचं मिळतं. बाबा म्हणाले, "पावती आपल्या नावार आसा. कायद्यान घर आपलाच. तू कोनाक काय सांगा नको." मी "बरं" म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात खोकी फोडताना मी मनातल्या मनात ते घर लावत होतो. इथे आईची चूल, इथे खिडकी, खिडकीपाशी माझं टेबल. आडनाव विचारणाऱ्या त्या बाईंच्या तोंडावर ते घर फेकावं असंही वाटलं.

पुढच्या रविवारी बिल्डरचा करारनामा खोलीत आला. काका म्हणाले, "कॉलेजात जानारो तूच. वाचून दाखय." सगळे पथारीवर बसले. मी एकेक कलम वाचून अर्थ सांगू लागलो. वाचता वाचता भाडेकरूचं नाव आलं आणि माझा आवाज खाली गेला. करारात फक्त आजोबांचं नाव. बाकी कुणाचंच नाही, 36 वर्षं वर्गणी भरणाऱ्या काकांचंही नाही. मी मान वर केली नाही. वाटलं, आता कुणीतरी बोलेल. पण काका इतकंच म्हणाले, "बरा झाला, आजोचा नाव शाबूत आसा. आता घर जाऊचा नाय." त्यांच्या मनात संशय आलाच नव्हता. ते माझ्यावर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री गॅलरीत जाऊन मी आजोबांना फोन केला आणि बाबांचं बोलणं सांगितलं. मी "बरं" म्हणालो होतो, तेही सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "नाव माजा, खोली गावाची. माका सही येय होती म्हनान नाव लागला. सही येता तेना चोरी करूची नाय."

हे वाक्य मी पाठ केलेलं नाही, तरी विसरत नाही. आमच्या घरात सही करता येणारे पहिले आजोबा आणि करारनामा वाचता येणारा पहिला मी. शिकलेल्या माणसाच्या हातात काय येतं आणि त्याने त्याचं काय करायचं, हे मला कुठल्याच तासाला इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आजोबा मुंबईला आले. 78 वर्षांचा माणूस रात्रभर गाडीत बसून आला आणि दोन मजले चढला. खोलीत गावकऱ्यांची बैठक झाली. ठरलं ते असं : करारावर सही आजोबांची, पण नवं घर गावच्या मुलांसाठी, बांधकाम होईपर्यंत बिल्डर दरमहा जे भाडं देईल ते गावच्या खात्यात, आणि त्यातून दिव्याला खोली. तसा कागद मी माझ्या हाताने लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. अंगठा कुणीच उठवला नाही. कायद्याने तो नीट पक्का व्हावा म्हणून कागद सध्या वकिलांकडे आहे. बाबा मात्र दोन महिने आजोबांशी बोलले नाहीत. त्यांचा राग मला कळतो. मातीच्या भिंतींच्या घरात त्यांचं आयुष्य गेलं, आणि हातात येणारं घर त्यांच्या वडिलांनीच सोडलं. गणपतीत दोघे आरतीला शेजारी उभे राहिले, तेव्हा आईच्या जीवात जीव आला.

आता आम्ही पाचजण दिव्याला राहतो. काका गावी गेले. पहाटेची गाडी पकडून मी पहिल्या तासाला पोचतो, कधी कधी पोचत नाही. सरांनी उशिराबद्दल क्षमा करावी, गाडीत शिरायलाच दोन गाड्या सोडाव्या लागतात. करी रोडला उतरलो की कधीतरी वाट वाकडी करून मी चाळीच्या जागेवरून जातो. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे.

गेल्या आठवड्यात गावाहून एका मुलाचा फोन आला. यंदा बारावीला बसला आहे. त्याने चाचरत विचारलं, "दादा, मुंबईक ऱ्हवाक जागा गावात काय रे?"

मी म्हटलं, "ये. गावची खोली आसा."